उजवी वाटी

पाटी: अजगराच्या पायथ्याशी

उंची या रेषेपेक्षा कमी असल्यास प्रवेश नाही. दहा वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठं माणूस हवं. हृदय, पाठ, मान किंवा गुडघा यांचं दुखणं असणाऱ्यांनी बसू नये. टोप्या, चष्मे, सुट्ट्या चपला खाली ठेवाव्यात. उद्यापासून अजगर दुरुस्तीसाठी बंद.

पाटीखाली आम्ही तिघी

चिमटी माझी लेक. घरात तिला याच नावाने हाक मारतात. गेल्या वर्षी अजगरात, म्हणजे पार्कातल्या त्या वेटोळी घेणाऱ्या उंच गाडीत, बसायला ती त्या रेषेला बोटभर कमी पडली होती. रडली नाही. रेषाच चुकीच्या जागी मारली आहे अशा नजरेने तिने पाटीकडे बघितलं आणि बाजूला झाली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी, तू आणि मी. त्यानंतर वर्षभर ती येता-जाता दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची आणि मला डोक्यावर पट्टी धरायला लावायची. यंदा ती रेषेच्या वर गेली. आणि पाटीवरच्या दुखण्यांच्या यादीत शेवटचं जे आहे, त्यात मी सापडले.

मी टपाल वाटते. जिने चढणं-उतरणं हाच माझा धंदा. मागच्या महिन्यात एका जिन्यावरून उतरता उतरता पाकिटावरचा पत्ता वाचत होते. पाऊल खालच्या पायरीवर, अंग शेजारच्या दाराकडे, आणि गुडघ्याला कुणाचं ऐकावं ते कळेना. उजव्या गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकली. पत्ता बरोबर होता, पण पाकीट पोचवलं दुसऱ्याने.

तिसरी माझी नणंद. माझ्याहून लहान, पण हुकूम सोडते थोरलीसारखे, म्हणून मी तिला वन्सं म्हणते.

"वन्सं म्हणू नकोस," ती म्हणते. "ऐकलं की केस पिकल्यासारखे वाटतात."

ती सोफ्यांच्या आणि गाड्यांच्या गाद्या शिवते. कुठेही गेली तरी बसायच्या आधी बैठकीची शिवण अंगठ्याने दाबून बघते. त्या दिवशी माझी चाकांची खुर्ची ढकलायला ती आली होती. चिमटीचे बाबा, म्हणजे तिचा भाऊ, रात्रपाळी करून घरी घोरत होते.

फिजिओबाई काय म्हणाल्या होत्या

"चाला, बसा, उठा. फक्त पाय रोवून अंग वळवू नका. वळायचं असेल तेव्हा आधी पाऊल, मग तुम्ही."

"आणि परत सरकली तर?"

"घाबरायचं नाही. टाच पुढे नेत पाय हळूहळू सरळ करायचा. ती आपसूक घरी येते. मग बर्फ, आणि मला फोन."

"लेकीला घेऊन पार्कात जायचंय. चालेल का?"

"चालत गेलात तर नाही चालणार. बसून गेलात तर चालेल."

मग त्यांनी एक पट्टा दिला. पट्ट्याला मधोमध भोक आहे आणि त्यातून वाटी बाहेर डोकावते, खिडकीतून शेजारीण डोकावावी तशी.

पार्क, मागच्या बाजूने

जिथे पायऱ्या होत्या तिथे उतारही होता. पण उतार नेहमी मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. पुढून पार्क बघणाऱ्यांना किल्ले, गुहा आणि धबधबे दिसले. आम्हाला किल्ल्याचे टेकू दिसले, गुहेचा पंखा दिसला आणि धबधब्याचा पंप दिसला. भुताच्या घरामागे एक भूत डबा खात बसलं होतं. त्याने पाय आवरून आम्हाला वाट दिली.

"गुडघा का?" भुताने विचारलं.

"हो."

"माझाही. दिवसभर वाकून घाबरवायचं म्हणजे..." असं म्हणून त्याने डब्याचं झाकण लावलं.

चिमटीने मागे वळून वळून त्याच्याकडे बघितलं. "आत्या, भुताला गुडघे असतात?"

"असतात. पण सुट्टी नसते," नणंद म्हणाली आणि उतारावर खुर्ची आवरायला लागली.

अजगर, पहिल्यांदा

अजगराच्या दाराशी बसलेल्या माणसाने चिमटीला रेषेखाली उभं केलं आणि मान डोलावली. मग माझा पट्टा बघितला आणि तीच मान आडवी हलवली.

"नुसती बसून तर राहायचंय," मी म्हटलं.

"ताई, बसायला हरकत नाही. पण तो बसू देत नाही," तो वर बोट दाखवत म्हणाला. वर अजगराने एक वेटोळं घेतलं आणि माणसांचा एक लांब आवाज आमच्या डोक्यावरून गेला.

मला माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं. तरी दारापर्यंत आले, कारण घरी बसून नाही म्हणणं मला जमलं नसतं. उद्यापासून अजगर बंद. उघडेल तेव्हा उघडेल. चिमटीने आत्याकडे बघितलं.

आत्याने आपल्या मागे बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"मी?" ती म्हणाली. "मी पोटमाळ्यावर चढले तरी मला जमीन आठवते."

"आत्या, मी तुझा हात धरेन."

"आणि तुझा कोण धरणार?"

"मला नाही लागत."

मग नणंदेने तिच्या धंद्यातला मार्ग काढला. नवं कापड आख्ख्या सोफ्यावर चढवायच्या आधी ती एक तुकडा ताणून बघते. म्हणाली, "आधी काहीतरी छोटं. त्यात मळमळलं, चक्कर आली, डोळे मिटावेसे वाटले, तर अजगर रद्द. आणि मग कुणी तोंड पाडायचं नाही. कबूल?"

चिमटीने मान हलवली. तिचा सगळा वर्षभराचा अजगर आता आत्याच्या पोटावर येऊन ठेपला होता.

फिरत्या वाट्या

पूर्वी त्या कपबशा होत्या. माणसं मावतील एवढाले कप, खाली गोल फिरणारी बशी. पोरं कपांच्या कानांना लोंबकळायची, त्यात काही कान मोडले. मग पार्कवाल्यांनी उरलेले कानही कापून टाकले. कानाशिवायचा कप म्हणजे वाटीच, म्हणून पाटीही बदलली. शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने हे सगळं आम्हाला न विचारता सांगितलं.

"मला एकटीला बसू दे," नणंद म्हणाली. "माझं तोंड कसं होतंय ते कुणी बघायचं नाही. चिमटे, तू आईजवळ थांब."

तिने हिरवी वाटी निवडली. बैठकीची शिवण अंगठ्याने दाबली, नाक मुरडलं, बसली. शिट्टी वाजली.

गुडघ्याचं म्हणणं

मला कुणी विचारत नाही. मी भोकातून बघतो. समोर कुंपण, कुंपणापलीकडे हिरवी वाटी, वाटीत हिची नणंद. वाटी वळून दुसऱ्या बाजूला गेली. ही खुर्चीतून उठली. उठली ते ठीक. कुंपणाला धरून टाचा उंचावल्या, तेही चालवून घेतलं. आता ती वाटी उजवीकडे जाणार, ही तिच्यामागे मान नेणार, मानेमागे खांदे, खांद्यामागे कंबर. आधी पाऊल, बाई. आधी पाऊल. आधी

वाटी सरकली

"चिमटे," मी म्हटलं. कुंपण दोन्ही हातांनी धरलं होतं. "माझी वाटी सरकली. कुणाला तरी बोलाव."

चिमटी धावली. सगळ्यात जवळ शिट्टीवाला होता.

"काका, वाटी सरकली."

शिट्टीवाल्याने पुढचं ऐकलं नाही. त्याने लाल बटणावर हाताचा तळवा मारला आणि शिट्टीत एवढा श्वास सोडला की शेजारच्या रांगेतली माणसंही जागच्या जागी थांबली. वाट्या कण्हत थांबल्या.

"कुठली?" त्याने विचारलं.

"उजवी."

"अगं, गोल फिरतात त्या. यात उजवी कुठली आली?"

"आईची उजवी."

"तुझी आई कुठल्या वाटीत आहे?"

"आई वाटीत नाही. वाटी आईत आहे."

शिट्टीवाल्याने एकदा चिमटीकडे, एकदा वाट्यांकडे बघितलं आणि सरळ फोन उचलला.

ध्वनिक्षेपकावरून

कृपया लक्ष द्या. फिरत्या वाट्यांपैकी एक वाटी सरकल्यामुळे खेळ थांबवण्यात आला आहे. वाट्यांमधल्या पाहुण्यांनी घाबरू नये. उभं राहू नये. डावीउजवीकडे झुकू नये. आपली वाटी सरकली आहे असं वाटल्यास शांतपणे हात वर करावा.

वर आलेले हात

सगळे. लहान मुलांनी तर दोन-दोन वर केले.

तोपर्यंत मी

खुर्चीत टेकले होते. चिमटी परत आली आणि माझ्या पायाशी उकिडवी बसली. टाच तिच्या हातात दिली. "हळू," मी म्हटलं, "पुढे ने. अजून. अजून." ती जीभ दातांत धरून ओढत होती, वहीत रेघ मारताना धरते तशी. आत कुठेतरी कुणी कपाट लोटल्यासारखा टक असा आवाज झाला, आणि दुखणं एकदम ओसरलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी हसत होते.

"आली घरी?" चिमटीने विचारलं.

"आली."

पार्कातली नर्स बर्फाची पिशवी घेऊन आली. तिच्यामागून मेकॅनिकबाई आल्या. अंगात निळा झगा, हातात टॉर्च. वाट्यांच्या खालच्या खड्ड्यात जाऊन आल्या होत्या, केसांत कोळ्याची जाळी अडकली होती. त्यांना खाली तीन केसांच्या क्लिपा आणि एक चमचा मिळाला होता. सरकलेलं काही मिळालं नव्हतं.

"ही मुलगी म्हणाली वाटी सरकली," त्या म्हणाल्या.

मी पट्ट्याच्या भोकाकडे बोट दाखवलं.

मेकॅनिकबाईंनी गुडघ्यावर टॉर्चचा उजेड पाडला. बघितलं. टॉर्च विझवला. मग त्या कुंपणाला टेकून एवढ्या हसल्या की नर्सने त्यांनाही बसायला सांगितलं.

हिरव्या वाटीत

नणंद मात्र हसत नव्हती. दोन्ही हातांनी वाटीची कड पकडून, पाठ ताठ ठेवून, नजर समोर लावून बसली होती. फोटो काढताना बसतात तशी. शेजारच्या लाल वाटीत एक आजोबा कुरकुरायला लागले, तर तिने त्यांना सांगितलं, "हलू नका. तुम्ही हललात की माझी सरकते."

मग वाट्यांची दारं उघडली. ती सावकाश उतरली, जमिनीवर एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि आमच्याकडे आली ती वेगळीच बाई. गाल लाल, केस विस्कटलेले.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "वाटी सरकली. माझीच. मला आधीच कळलं होतं, बैठक एका अंगाला दबत होती. पण मी हलले नाही."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात नर्सने विचारलं, "वाटी बसली का जागेवर?"

"बसली म्हणजे?" नणंद तिच्याकडे वळली. "मी वर असतानाच बसवली ना त्यांनी. खालून आवाजही आला मला."

मेकॅनिकबाईंनी आभाळाकडे बघितलं.

"घाबरलीस?" मी विचारलं.

नणंदेने खरंच आठवून बघितलं. "नाही गं. मळमळलं नाही, चक्कर नाही. सरकलेल्या वाटीतून उतरले, वहिनी. आता तो अजगर काय करणार मला?" आणि ती चिमटीचा हात धरून रांगेकडे निघाली.

चिमटीने जाता जाता माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळा प्रश्न होता. खरं सांगितलं तर आत्या कुंपणापर्यंतही येणार नाही. नाही सांगितलं तर.

मी ओठांवर बोट ठेवलं नाही, पण गुडघ्यावरच्या बर्फाची पिशवी उगीचच नीट करत बसले. ते तिला पुरलं.

खालून

खालून अजगर म्हणजे लोखंडाचे पाय आणि वरचा खडखडाट. अजगराच्या दाराजवळच्या बाकाशेजारी माझी खुर्ची लावली होती, पाय बाकावर. पहिल्या डब्यात चिमटीची शेंडी आणि तिच्याशेजारी नणंदेचा पिवळा शर्ट चढणीला लागलेला दिसला, तेव्हा मला हेवा वाटला. उगाच कशाला लपवू? ती जागा माझी होती. वर्षभर मी पट्टी धरली होती.

गाडी टोकाला गेली. थांबल्यासारखी झाली. दोन डोकी एकमेकांकडे वळलेली दिसली.

मग खाली.

आणि त्या सगळ्या किंकाळ्यांतून एक हाक स्पष्ट माझ्यापर्यंत आली: "वहिनी-ई-ई-ई." पहिल्या वेटोळ्यात आली, दुसऱ्यात आली, बोगद्यातून घुमून आली. एवढ्या भीतीत बिचारीला माझीच आठवण यावी, या विचाराने मला भरून आलं. बर्फाची पिशवी डोळ्यांना लावली.

दोघी एकदम सांगतात

चिमटी: आधी ना, चढताना असं कट-कट-कट वाजतं, आणि मग...

आत्या: थांब. मी सांगते. वहिनी, तू माझ्याशी बोलू नकोस.

मी: का?

चिमटी: मग टोकावर गाडी थांबते. सगळं दिसतं. तू पण दिसलीस. एवढीशी. पाय वर केलेला.

आत्या: टोकावर. जिथून उतरायला जागा नाही अशा ठिकाणी, तुझी लेक माझा हात धरते आणि म्हणते, आत्या, तुला एक सांगू?

चिमटी: मला राहवलं नाही.

आत्या: म्हणते, सरकली ती आईच्या गुडघ्याची वाटी. तुझी वाटी धडधाकट होती. तू नुसती बसली होतीस.

मी: अगं चिमटे, खाली येईपर्यंत तरी...

चिमटी: खाली आल्यावर सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं आपण फसवलं.

आत्या: मग वर सांगून काय वेगळं वाटलं?

चिमटी: वर तुला काही करता येत नव्हतं.

मी: बरं, मग?

आत्या: मग काय. मी घाबरायला सुरुवात करणार, एवढ्यात मला तुझा राग आला. बर्फ लावून खाली बसलीय साळसूद. आणि मी त्या भुतामागच्या उतारापासून तुझी खुर्ची ढकलत राबतेय. गाडी सुटली आणि मी तुझ्या नावाने सुरू झाले.

मी: ते "वहिनी, वहिनी"...

चिमटी: ते सुरुवातीचं होतं. प्रत्येक "वहिनी"च्या पुढे एकेक शब्द होता. वाऱ्याने तुझ्यापर्यंत आला नसेल.

आत्या: नाही आला ते बरं झालं.

चिमटी: मी नवीन चार शिकले.

आत्या: ते शाळेत नाही वापरायचे.

मी: आणि वेटोळं? मोठं वेटोळं कसं होतं?

(दोघी एकमेकींकडे बघतात.)

आत्या: कुठलं?

चिमटी: दोन होती, आत्या. तू डोळे उघडे ठेवून पण बघितलं नाहीस. तू आईकडेच बघत होतीस, ओरडत होतीस.

मी: मग चिमटे, तू सांग. पहिल्यापासून. चढणीच्या आधीपासून सांग.

तिने सांगितलं. बाकावरच्या माझ्या पायाला धक्का लागू नये म्हणून एका टोकाशी अवघडून बसून, दोन्ही हातांनी वळणं घेत सांगितलं. कुठे पोट वर येतं, कुठे ओठ मागे ओढले जातात, बोगद्यात कसा ओल्या गंजाचा वास येतो, उलटं झाल्यावर केस कसे आभाळाकडे पडतात. एका वळणावर तिचा हात आपोआप शेजारी गेला, तिथे मी आहे असं समजून. तेही तिने सांगितलं.

"तू असतीस तर तू ओरडली नसतीस," ती म्हणाली. "तू बघितलं असतंस."

"उघडेल तेव्हा बघीन. आज तू बघितलंस ना?"

"बघितलं." तिने माझ्या पट्ट्याच्या भोकातून डोकावणाऱ्या वाटीवर एक बोट टेकवलं, मांजराला टेकवावं तसं. "दुखतंय?"

"आता नाही. सुजेल थोडी."

नणंद उभी होती. अजगराकडे बघत. वर पुढची गाडी चढणीला लागली होती, रांग आखडत आली होती. तिने शर्ट खाली ओढला, केस बांधले, परत सोडले.

"वहिनी," ती म्हणाली, "मला एक कळत नाही. मी घाबरते की नाही?"

"मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? त्या वाटीत मला वाटलं मी शूर आहे, तर तिथे काही नव्हतंच. इथे सगळं होतं, तर मी भांडण्यात गुंतलेली. म्हणजे आयुष्यात एकदा त्या सापळ्यात बसले आणि घाबरायचं राहूनच गेलं."

"मग?"

"मग उद्या तो बंद होतोय." तिने चिमटीकडे हात केला. "चल गं. आता नीट घाबरून बघते. आणि या खेपेला वर गेल्यावर मला काहीही सांगायचं नाही. घराला आग लागली असली तरी खाली येऊन सांग."

चिमटी उठली तीच धावत.

नणंद चार पावलं गेली, परत आली, माझ्या खुर्चीची चाकं अडकवलेली आहेत ना ते पायाने दाबून बघितलं, बर्फाची पिशवी सरळ केली आणि माझ्या खांद्यावर थापटलं.

"तू उठू नकोस," ती म्हणाली. "काहीही ऐकू आलं तरी."